उजनीतल्या बोटीवरचा संडास: वास जाईपर्यंतच्या नोंदी

६ ऑक्टोबर

मामांची फायबरची बोट उजनी धरणाच्या फुगवट्यात करमाळ्याच्या बाजूनं चालते. थंडीत रोहित पक्षी उतरले की पुणे-सोलापूरची कुटुंबं पहाटे येतात. अंधारात निघालेली बोट परत काठाला लागायला दहा वाजतात. या वेळात जायची सोय कुठंच नाही. पुरुष बेटावर उतरून मोकळे होतात. बायकांनी काय करायचं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मामी निघताना सगळ्यांना चहा देतात. त्या म्हणाल्या, “बाया चहा नको म्हणतात. का नको म्हणतात ते मला कळतं की.” बोटीवर संडास बसवायचं त्या दिवशी ठरलं.

अट एकच: बोटीतून थेंबभरही पाण्यात जाणार नाही. बाजारात मिळणाऱ्या बोटीच्या संडासाला मैला थेट पाण्यात सोडायची जोडणी करता येते. ती घेणार नाही, बोटीच्या तळाला भोकही पाडणार नाही. मिस्त्रींचं म्हणणं, “एवढं मोठं धरण, काय फरक पडतोय?” मी सोलापुरात राहतो. आमच्या नळाला उजनीचंच पाणी येतं, तेही काही दिवसांआड. आषाढीला चंद्रभागेत असतं तेही बऱ्याचदा इथूनच सोडलेलं. वरून मुळा-मुठेतून जे येतं ते आपल्या हातात नाही. आपल्या बोटीतून काय जातं ते आहे.

१४ ऑक्टोबर

टाकी कुठं ठेवायची यावर दिवस गेला. मामांना ती मागं इंजिनाशेजारी हवी होती, म्हणजे बसायची जागा वाचते. पण ६० लिटर भरली की ६० किलो वजन एका कोपऱ्यात येतं आणि अर्धी असताना डुचमळतं. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून माणसं गेली, ते या काठावर कुणी विसरलेलं नाही. टाकी मध्यावर, तळाला, दोन पट्ट्यांनी आवळून ठेवायची असं ठरलं. खोली पूर्ण उंचीची करायची नाही. कमरेपर्यंत पत्रा, त्यावर कॅनव्हास, वारा सुटला की दोन दोऱ्या सोडून खाली घेता येईल असा. यात दोन आसनं गेली. बाराच्या दहा झाल्या. हंगामभर ते नुकसान आहे. मामा थोडा वेळ गप्प बसले आणि “कर” म्हणाले.

टाकी पांढरी, दुधी प्लास्टिकची घेतली, म्हणजे टॉर्च लावला की आतली पातळी बाहेरून दिसते. काळी स्वस्त होती. स्टीलची एका फॅब्रिकेटरनं सुचवली होती, पण लघवीनं स्टीलचे वेल्डिंगचे सांधे खाल्ले जातात.

२० ऑक्टोबर

आजपर्यंतचा खर्च: हातपंपाचा संडास ऑनलाइन १४,५००. टाकी २,८००. खोलीचा सांगाडा, पत्रा, कॅनव्हास मजुरीसह ११,०००. हिरवा सक्शन पाइप आणि क्लिपा ९००.

१६ नोव्हेंबर

दिवाळीमुळं मिस्त्री नव्हते, काम रखडलं. आज नुसतं पाणी भरून चाचणी घेतली. टाकीच्या भोकात बसवलेलं टँक निपल, म्हणजे पाइप जोडायचा तुकडा, दोन ठिकाणी पाझरत होतं. टाकीची भिंत गोलसर आहे, वॉशर सपाट. कितीही आवळलं तरी कडेला फट राहते. मिस्त्री एम-सील लावायला निघाले होते, पण या प्लास्टिकला एम-सील धरत नाही, आठवड्यात पापडी सुटते. शेवटी निपलं बाजूच्या भिंतीतून काढून वरच्या सपाट भागावर घेतली आणि जुनी भोकं जाड रबर, बोल्ट आणि दोन्हीकडून पट्टी लावून बंद केली. उपसायचा पाइपही वरूनच आत सोडला, तळापासून दोन बोटं वर. आता टाकीला पातळीखाली एकही चालू सांधा नाही. नवीन करणाऱ्यांनी हे पहिल्यापासून असंच करावं.

पाण्याचा हिशेब आज लागला. या संडासाच्या पत्रकात एका वेळचं पाणी दोन-अडीच लिटर दिलंय, ते कागद वापरणाऱ्यांच्या हिशेबानं. आपण धुतो. मगानं धुतलं की लिटरभर वाढतं, जेट (धुवायचा फवारा) असेल तर किती ते सांगता येत नाही. साडेतीन लिटर धरले तर ६० लिटरची टाकी सतरा वेळांत भरते. जेट काढला. अर्ध्या लिटरचा मग साखळीला बांधून ठेवला.

१ डिसेंबर

वापर सुरू झाला. पहिल्याच रविवारी एका आजींनी उतरताना मामींचा हात धरून आभार मानले.

९ डिसेंबर

वास येतोय. खोलीत पाय ठेवताच, सडक्या अंड्याचा. टाकी उपसून रिकामी असली तरी येतो. मामांनी अगरबत्ती लावली, मामींनी डांबरगोळ्या टांगल्या. त्यानं दोन वास झाले.

वास नेमका कुठून येतो ते शोधल्याशिवाय पैसे घालायचे नाहीत असं ठरवलं. उपाय साधा आहे. टॉवेलचे तुकडे कढत पाण्यात बुडवून, पिळून, पाइपाला गुंडाळायचे. गार झाले की सोडून, बोटीपासून लांब नेऊन एकेक हुंगायचा. टॉवेलला सोलापुरात काय तोटा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून कटपीस किलोनं आणले. एक तुकडा टाकीला, एक संडासाच्या बुडाला, तीन हिरव्या पाइपाला. टाकीचा तुकडा स्वच्छ. बुडाचा स्वच्छ. पाइपाचे तिन्ही तुकडे नाकाजवळ नेववत नव्हते, आणि सगळ्यात वाईट तो, जिथं पाइप खाली झोळ खाऊन पुन्हा वर चढतो.

म्हणजे गळती नाही. पाइप बाहेरून कोरडा ठणठणीत आहे. मऊ प्लास्टिकच्या भिंतीतूनच वास झिरपतोय. शेतातल्या मोटारीचा हिरवा सक्शन पाइप पाण्याला उत्तम, मैल्याला नाही. त्याच्या आतल्या वळ्यांत घाण अडकते आणि झोळात साचलेलं रात्रंदिवस तिथंच राहतं.

१५ डिसेंबर

हिरवा पाइप काढून कडक पीव्हीसीचा ४० मिमी पाइप टाकला. नव्वद अंशाचा एल्बो एकही नाही, प्रत्येक वळणाला ४५ अंशाचे दोन बेंड. बोट हादरते म्हणून दोन्ही टोकांना वीतभर जाड रबरी होज, तो ३८ मिमीचा. कडक पाइपावर तो चढत नव्हता. गरम पाण्यात पाच मिनिटं धरला की चढतो, वर दोन-दोन स्टीलच्या क्लिपा. कुठंही झोळ राहू दिला नाही, संडासाकडून टाकीकडं सलग चढ ठेवला. पाइप, बेंड, होज मिळून १,७००. आधीचे ९०० वाया गेले.

दुसरी गोष्ट पंप मारण्याची. दीड इंची पाइपात मीटरला सव्वा लिटरच्या आतबाहेर पाणी मावतं. आमचा पाइप पावणेदोन मीटर. म्हणजे दोन लिटर पाणी पुढं ढकललं तरच घाण टाकीत पडते, नाहीतर वाटेत उभी राहते. भांडं स्वच्छ दिसलं की लोक दांडा सोडतात. खोलीत पाटी लावली: “भांडं साफ दिसल्यावरही दांडा दहा वेळा मारा.” मामींच्या अक्षरात. छापील पाटी कुणी वाचत नव्हतं.

२८ डिसेंबर

पाइपाचा वास गेला. टॉवेलनं पुन्हा तपासलं, काही नाही. खोलीत आता वास नसतो. पण दांडा मारला की बाहेर, मागच्या बाकावर, भपकारा येतो. तो टाकीच्या हवेच्या नळीतून येतो.

या प्रकारातली सगळ्यात कामाची गोष्ट इथं कळली. मैला बंद जागी, हवेवाचून कुजला की सडक्या अंड्याचा वायू तयार होतो. त्यालाच हवा मिळाली तर दुसरे जंतू वाढतात आणि ते कुजवतात त्याला तसा वास नसतो. आम्ही हवेची नळी अर्ध्या इंचाची, अडीच मीटर लांब, दोन वळणं घेऊन काढली होती. नळी बारीक आणि लांब असेल तर वास कमी बाहेर येईल असं सगळ्यांनाच वाटतं. होतं उलटं. आतली हवा बदलत नाही, टाकीत वायू साचत राहतो आणि दांडा मारला की तेवढा सगळा एकदम ढकलला जातो.

ती नळी काढली. दीड इंची दोन नळ्या टाकल्या, एक डाव्या अंगाला, एक उजव्या, दोन्ही हातभर लांबीच्या, सरळ. बोट चालली की एकीकडून वारा शिरतो, दुसरीकडून निघतो. खर्च ६५०. अख्ख्या कामात एवढ्या कमी पैशात एवढा फरक दुसऱ्या कशानंच पडला नाही.

टाकीचं झाकण उघडताना एक काळजी: हा वायू विषारी आहे, हवेपेक्षा जड आहे आणि जास्त झाला की नाकाला वास येईनासा होतो. वास थांबला म्हणजे वायू गेला असं धरू नये. झाकण उघडून बाजूला व्हायचं, वारा खेळू द्यायचा, मग हात घालायचा. आत डोकं घालायचं नाही.

११ जानेवारी

गड्ड्यामुळं, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेमुळं, सोलापुरात मिस्त्री मिळत नाहीत. संक्रांत होईपर्यंत काम बंद.

२५ जानेवारी

दिवसभर बोट फिरते तेव्हा वास नाही. संध्याकाळी ताडपत्री टाकून बांधली की सकाळी पहिल्या फेरीला पुन्हा थोडा येतो. ताडपत्री दोन्ही नळ्यांवर येते, हे एक कारण. तिला तिथं खाचा पाडल्या.

दुसरं, वारा नसलेल्या रात्री टाकीत हवा पोचत नाही. माशांच्या टाकीला लावतात तो १२ व्होल्टचा छोटा हवेचा पंप ७५० ला आणला, सोलरच्या बॅटरीवर चालतो. नळी टाकीच्या तळापर्यंत सोडली. टोकाला बुडबुड्यांचा दगड होता, तो चार दिवसांत गच्च भरला. काढून टाकला. आता नळीच्या टोकाला गाठ मारून वर दाभणानं भोकं पाडलीत. ती तुंबत नाहीत, तुंबली तर टोक कापून नवी पाडायची. पंप टाकीच्या वरच्या पातळीपेक्षा उंच बसवावा, नाहीतर बंद केल्यावर मैला नळीतून उलटा पंपात येतो.

आठवडाभरानं टाकी उघडली तर वास पहिल्या पावसानंतरच्या काळ्या रानासारखा, ओलसर. मामांना बोलावून दाखवलं. ते खाली वाकले आणि म्हणाले, “हे पालटलं बघ.”

टाकीत फिनेल, ब्लीचिंग किंवा आम्लाचा टॉयलेट क्लीनर टाकायचा नाही. फिनेलनं वास दबतो, पण चांगले जंतूही मरतात आणि पंपातलं रबर फुगतं. अशा टाकीत घालायचं निळं औषधही मिळतं. त्यातल्या फॉर्मॅलिनच्या औषधानं टाकी निर्जंतुक राहते खरी, पण आमचा मैला शेवटी मामांच्या घरच्या सेप्टिक टँकमध्ये जातो, तिथले जंतू त्यानं मरतील. साबणही नको, हवेच्या पंपानं फेस होऊन नळ्यांतून बाहेर येतो. भांडं नुसत्या पाण्यानं आणि ब्रशनं घासायचं.

१५ फेब्रुवारी

उपसण्याबद्दल. इथं मैला उपसायची सोय कुठल्याच काठाला नाही. सुरुवातीला मैला उपसणारा टँकर बोलवावा असं डोक्यात होतं. तो ६० लिटरसाठी यायला तयार होत नाही, आला तरी काठापर्यंत पोचत नाही. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६३, मृतसाठा. धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखाली, गेलं तरी पाणी असतंच, बोटी चालतात, पण काठ मागं मागं सरकतो आणि मधे गाळ उघडा पडतो. गेल्या महिन्यात जिथं बोट लागायची तिथं आता गवत आहे.

म्हणून पंप बोटीवरच घेतला, हातानं मारायचा, डायफ्रामचा (रबरी पडद्याचा), ५,२०० ला. काठावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत २०० लिटरचा निळा ड्रम, ९०० चा. दहा-बारा मिनिटांत टाकी रिकामी होते. मग दहा लिटर पाणी घालून हलवून पुन्हा उपसायची, असं दोनदा. ड्रम भरला की ट्रॉली घरी, सेप्टिक टँकवर.

सांडतं ते पाइप सोडताना. पंप थांबला तरी पाइपात दोन-तीन लिटर राहतंच. ड्रमकडचं टोक आधी काढलं की ते सगळं पाण्याच्या कडेला. त्यामुळं क्रम पक्का केलाय: पंप थांबवला की बोटीकडचं टोक सोडून लगेच वर उचलायचं, खांद्यावर घेऊन ड्रमच्या दिशेनं चालत जायचं म्हणजे पाइप ड्रममध्ये निथळतो. मगच दुसरं टोक. दोन्ही टोकांना झाकणं. सांध्याखाली बादली कायम. हे काम मामांचा मोठा मुलगा करतो, हातमोजे घालून, आणि त्या दिवशी तो चहाच्या कामाला हात लावत नाही.

१ मार्च

आज उपसताना टाकी कण्हल्यासारखा आवाज झाला. बघतो तर दोन्ही बाजू आत ओढल्या जात होत्या. पंप लगेच थांबवला. हवेच्या दोन्ही नळ्या बंद होत्या.

उजवीला डासांसाठी नायलॉनची जाळी बांधली होती. रात्री काठावरच्या दिव्याला येणाऱ्या चिलटांनी आणि धुळीनं ती लिंपल्यासारखी झाली होती. डावीची जाळी कधी निसटली ते कळलं नाही, आणि तिच्या तोंडाशी कुंभारमाशीनं घर केलं होतं. स्क्रूड्रायव्हरनं टोकरून काढलं. बोटभर लांबीचं मातीचं घर, आत एकापुढं एक कप्पे, कप्प्यात बधिर केलेले बारीक कोळी ठासलेले आणि एका कप्प्यात पिवळी अळी. माती अजून ओली होती, म्हणजे एक-दोन दिवसांतलंच काम. एवढ्याशा मातीनं टाकी फुटली असती, सगळा मैला बोटीच्या तळात.

आता दोन्ही तोंडांना स्टीलची जाळी, क्लिपेनं बसवलेली. उपसायच्या आधी दोन्ही जाळ्या काढून नळीतून फुंकणी धरावी तसा हवेचा पंप धरून बघायचा, टाकीत हवा गेलेली ऐकू आली तरच उपसायला लागायचं.

२२ मार्च

उन्हाळ्याला पाणी हिरवं झालंय, शेवाळाचा थर तरंगतोय. भांड्यात तेच पाणी बादलीनं घेत होतो. ते भांड्यात आणि पंपात थोडंसं राहतं, दुपारी तापतं, आणि शेवाळ मरून स्वतःचाच वास सोडतं. टाकीचा काही दोष नसतो. आता घरून बोअरचं पाणी २० लिटरच्या दोन जारमध्ये भरून नेतो.

बोअरच्या पाण्याचा वेगळा त्रास. पाणी जड. त्यातला क्षार आणि लघवी मिळून पाइपात आणि रबरी चोचीवर पांढरा, खडबडीत थर धरतो. ही चोच म्हणजे पंपाच्या बाहेरचा व्हॉल्व्ह, मैला पुढं जाऊ देते, मागं येऊ देत नाही. तिच्यावर थर बसला की ओठ मिटत नाहीत आणि भांड्यात तपकिरी पाणी परत चढतं. आमचं तेच झालं होतं. ढोकळ्यात घालतात ते लिंबूसत्त्व, वाटीभर, दोन लिटर कोमट पाण्यात विरघळवून रात्री भांड्यात ओतायचं, दांडा इतकाच मारायचा की ते पाइपात उभं राहील. सकाळी पुढं ढकलायचं. पंधरवड्यातून एकदा. थर फार जुना असेल तर चोच बदलणं बरं, सुट्या रबरांचा संच १,९०० ला आणून ठेवलाय. ब्लीचिंग पावडर आणि लिंबूसत्त्व एकत्र कधीही येऊ द्यायचं नाही, विषारी क्लोरीन निघतो.

दांडा जड चालत होता, त्याला सिलिकॉन ग्रीस लावलं. खोबरेल लावू नये, चिकटा होतो.

खोलीत झाकणाचा डबा आणि कागदी पिशव्या आहेत. पॅड, वाइप्स, कागद त्यातच. तिथंही मामींच्या अक्षरात पाटी आहे. त्या दर फेरीला निघायच्या आधी बायकांना बाजूला घेऊन दोन मिनिटं सगळं सांगतात, दांडा मारून दाखवतात. ते सुरू केल्यापासून पंप एकदाही अडकला नाही.

२० एप्रिल

पक्षी गेले, फेऱ्या थांबल्या. टाकी तीनदा धुऊन उपसली. लिंबूसत्त्वाचं पाणी रात्रभर ठेवून पुन्हा उपसली. झाकण उघडं ठेवून उन्हात दोन दिवस कोरडी केली, वर जाळी. पंप सुटा करून चोच बदलली, जुनी बाजूला ठेवली, अडीनडीला चालेल. रबरी होजचे दोन्ही तुकडे टॉवेलनं तपासले. संडासाकडचा किंचित वास धरायला लागलाय, तो ऑक्टोबरमध्ये बदलायचा.

एकूण खर्च ४०,३००. टाकून दिलेला हिरवा पाइप त्यात धरलाय. दोन आसनांचं नुकसान धरलेलं नाही. तरी बायका-मुलांच्या फेऱ्या यंदा वाढल्या आणि मामी म्हणतात चहाचं दूध जास्त लागतंय.

पावसाळ्याआधी राहिलेलं: टाकीच्या पट्ट्यांखाली रबर घालायचं, प्लास्टिक घासून पांढरं पडलंय. हवेच्या पंपाला वेगळा फ्यूज द्यायचा. शेजारच्या एका बोटवाल्याला मापं दिली आहेत. त्याची बोट अरुंद आहे, ४० लिटरचीच टाकी बसेल. हवेच्या नळ्या मात्र त्यालाही दीड इंचीच, दोन्ही अंगांना, सांगितल्यात.